काटकसर, हाव आणि सावधपण

स्वस्त मिळेल ते घेणे हा गुण की दोष, हा प्रश्न आपल्या समाजातील घराघरांत अलीकडे वारंवार निघतो. पूर्वी आपल्या ग्वाल्हेरात खरेदीच्या वाटा ठरलेल्या असत. दाणागोटा दालबाजारातून, दागिना सराफ्यातून, कापडचोपड बाड्याच्या आसपासच्या दुकानांतून, आणि राहिलेल्या चार वस्तू हिवाळ्यात मेळ्यातून. माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा आजही भरतो. पण आता दुसरा एक मेळा प्रत्येकाच्या हातातील मोबाईलवर बारा महिने भरलेला असतो आणि तो मध्यरात्रीही उठत नाही. वडील माणसे म्हणतात, ही उधळपट्टी आहे. तरुण म्हणतात, तीच वस्तू कमी पैशात घरपोच येत असता बाजारात जाऊन जास्त दाम मोजणे ही कसली काटकसर? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच या प्रश्नाचा निकाल वयावर न सोडता विचारानेच लावला पाहिजे.

काटकसर आणि हाव या बाहेरून पाहता जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोघींनाही कमी किंमत प्रिय असते. भेद आहे तो क्रमाचा. काटकसर आधी गरज पाहते, मग वस्तू आणि शेवटी किंमत. हाव आधी किंमत पाहते, मग वस्तू, आणि गरज सर्वांत शेवटी शोधून काढते. घरपोच पोहोचवण्याचे चाळीस रुपये वाचावेत म्हणून दीडशे रुपयांची नको असलेली वस्तू टोपलीत टाकणारा गृहस्थ चाळीस रुपये वाचल्याचा आनंद मानतो. एकशे दहा रुपये गेले त्याचे त्याला सुतकही नसते. न घेतलेल्या वस्तूवर शेकडा शंभर सूट मिळते, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

विक्रेत्याला मात्र आपला हा विसराळूपणा पक्का ठाऊक असतो. 'फक्त दोन नग शिल्लक', 'दहा मिनिटांत सवलत बंद' असे घड्याळ दाखवून ग्राहकाला धावायला लावणे, न विचारता टोपलीत एखादी जादा वस्तू सरकवणे, शेवटच्या पायरीवर आकार वाढवणे, 'नको' म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी शब्दयोजना करणे, वर्गणी भरणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, असे हे प्रकार आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई केली. तथापि, कायदा विक्रेत्याचा हात धरू शकतो, आपले मन धरू शकत नाही. ते काम ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. हवी असलेली वस्तू आधी कागदावर लिहावी आणि मगच मोबाईल हाती घ्यावा. वस्तू टोपलीत ठेवल्यावर एक रात्र जाऊ द्यावी. सकाळीही ती हवीशी वाटली तर ती बहुधा गरजेची असते. छापील किमतीवर किती सूट आहे ते पाहू नये, सर्व आकार धरून आपल्या खिशातून एकंदर किती जाणार ते पाहावे, आणि तीच वस्तू दुसऱ्या दोन ठिकाणी काय भावाने मिळते ते ताडून पाहावे. डाळ, साबण, तेल अशा जिनसांचा भाव पाकिटावर न जोखता किलोवर किंवा लिटरवर जोखावा. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त पडतेच असे नाही. 'बिनव्याजी हप्ता' या शब्दाला भुलू नये. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कोठेतरी दुसऱ्या नावाने दडलेले असते. जी वस्तू रोखीने घेतली नसती ती हप्त्याने घेणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या मिळकतीवर आज हात मारणे होय.

आता किमतीच्या दुसऱ्या बाजूचाही विचार करू. आपल्या ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या चंदेरीचे उदाहरण घ्या. तेथील हातमागाच्या वस्त्राला २००५ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. असली एक साडी विणायला कित्येक दिवस लागतात. तीच 'अस्सल चंदेरी' कोणी तीनशे रुपयांत देऊ लागला, तर तीनच गोष्टी संभवतात. ती साडी चंदेरी नाही. किंवा विणकराच्या ताटातले काढून ती आपल्याला दिली जात आहे. किंवा साडी मुळी नाहीच, आहे ते फक्त चित्र. तिन्ही पक्षी नुकसान कोणाचे तरी होतेच. न्याय्य नफा मिळवणे यात आपल्या पूर्वजांनी पाप मानले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा अशी व्यापाऱ्याच्या नफ्याची मर्यादा सांगितली आहे, आणि बाजारावर देखरेख करण्यासाठी संस्थाध्यक्ष नावाचा अधिकारी नेमला आहे. मर्यादा घालणे म्हणजेच त्या मर्यादेच्या आतील नफा मान्य करणे. अशक्य किंमत दिसली की आपण पुण्यवान म्हणून ती मिळत आहे असे न समजता, ही कोणाच्या पदरची आहे, असे विचारावे.

येथून आपण सावधपणाकडे येतो. लग्नमंडपात आपण जो 'सावधान' शब्द ऐकतो, त्याचा अर्थ 'घाबरा' असा नाही आणि 'संशय घ्या' असाही नाही. स-अवधान, म्हणजे अवधानासह, लक्ष एकवटून. संशयी मनुष्य कोणावरच विश्वास ठेवीत नाही आणि सावध मनुष्य पाहून विश्वास ठेवतो. ऑनलाइन खरेदीत नेमके एवढेच अवधान लागते. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. म्हणून 'तुमचे पैसे परत करतो, पिन घाला' असे सांगणारा चोरच समजावा. ओटीपी ही घराची किल्ली आहे. ती दूरध्वनीवर कोणालाही सांगू नये. ग्राहकसेवेचा क्रमांक गूगलवर शोधून मिळेल तो न लावता, ज्या ॲपवर खरेदी केली त्यातच पाहावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोबाईलमध्ये कोणतेही ॲप घालू नये. संदेशातून आलेल्या लिंकवर पैसे भरू नयेत, मग ते पार्सलसाठी मागितलेले पाचच रुपये का असेनात. क्यूआर कोडवर पैसे देताना पडद्यावर उमटणारे नाव वाचावे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच राज्यात खजुराहो येथे दुकानांच्या कोडांवर रात्रीतून दुसरेच कोड चिकटवलेले आढळले होते.

या ठिकाणी एक गोष्ट सांगणे आम्हांला भाग आहे. आमच्या परिचयातील एका वृद्ध बाईंनी नातीच्या केळवणासाठी पितळेच्या दोन समया मागवल्या. आल्या त्या पत्र्याच्या. परत करण्यासाठी त्यांनी कोठूनतरी क्रमांक शोधून फोन लावला. पलीकडच्या गोडबोल्या माणसाने त्यांना मोबाईलवर एकेक पायरी करावयास लावली आणि चाळीस हजारांवर रक्कम त्यांच्या खात्यातून गेली. ती रक्कम त्यांनी स्वतःच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेली होती. नऊ दिवस त्यांनी घरात ब्रही काढला नाही. देवळात येणेही बंद केले. विचारले तर गुडघे दुखतात म्हणून सांगितले. त्यांना चोराचे भय नव्हते. भय होते ते 'हाव नडली तुम्हांला' या घरच्या एका वाक्याचे. नवव्या दिवशी मुलाला कळले तेव्हा पैसे कोठल्या कोठे गेले होते.

आता विचार करा, या बाईंनी हाव कोणती केली? समया रास्त भावाच्या होत्या. आपले पैसे परत मागणे ही हाव नव्हे. फसतो तो लोभीच, ही समजूत सोयीची आहे, कारण ती बाळगली की आपण सुरक्षित आहोत असे वाटते; पण ती खरी नाही. २०२५ साली आपल्याच ग्वाल्हेरातील एका आश्रमाच्या संन्यासी चिटणिसांना 'डिजिटल अरेस्ट'चे भय घालून भामट्यांनी अडीच कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढून घेतली. जेथे स्वतःसाठी काही नकोच, तेथे लोभाचा प्रश्न कोठे? भामटा कधी लोभाला हात घालतो, कधी भयाला, कधी घाईला आणि कधी नुसत्या भिडेला. यांपैकी एक तरी प्रत्येकाच्या ठायी असते.

यास्तव फसलेल्याला हसणे हे आम्ही केवळ असभ्य नव्हे तर अधर्म मानतो. कारण त्या हसण्याच्या धास्तीने जो वेळ जातो, तोच भामट्याला हवा असतो. पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर कळवले, तर रक्कम वाटेत कोठल्या तरी खात्यात अडवली जाण्याची शक्यता असते. प्रत्येक तासागणिक ती शक्यता ओसरते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनेही हेच तत्त्व घालून दिले होते. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याचाच, अशा प्रसंगी तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवणाऱ्या ग्राहकावर तोशीस नाही. आणि गुप्त शब्द ग्राहकानेच सांगितला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान त्याच्यावर नाही. म्हणजे दोन्ही पक्षी लवकर बोलणे हेच हिताचे. खराब वस्तू, नाकारलेला परतावा अशा तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे जाण्याची मुभा दिली. विक्रेता बंगळुरूचा असला तरी आपल्याला बंगळुरूची वारी करावी लागत नाही.

परंतु प्रामाणिकपणा फक्त विक्रेत्याकडून मागून चालणार नाही. लग्नात नेसलेली साडी घडी मोडली नसल्याचे भासवून परत करणे, दुकानदाराला तासभर दहा थाने उलगडायला लावून घरी येताच तेच वस्त्र मोबाईलवर मागवणे, या गोष्टी आपल्याही घरांत होतात आणि 'हुशारी' या नावाखाली खपतात. नारदस्मृतीत क्रीतानुशय नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. विकत घेतलेली वस्तू पसंत न पडल्यास त्याच दिवशी, जशीच्या तशी, परत करता येते. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा हिस्सा सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. पारखण्याची मुदतही वस्तूप्रमाणे ठरवलेली आहे. दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, मोती, हिरे व पोवळी यांना सात. ग्राहकाचा हक्क आणि ग्राहकाची जबाबदारी अशी एकाच प्रकरणात नांदते. 'जशीच्या तशी' ही अट आपण विसरलो तर फसवणुकीबद्दल ओरडण्याचा अधिकारही आपण गमावतो.

शेवटी एक सूचना. खरी काटकसर एकट्याने होते त्यापेक्षा संघाने अधिक होते, हे मराठी माणसाने करून दाखवले आहे. १९७५ च्या गुढीपाडव्याला स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याचा जिन्नस एकत्र मागवू लागली. माल पारखून घेतलेला, भाव वाजवी, आणि वाटप आपल्याच माणसांच्या हातून. आपल्या मंदिराशी जोडलेल्या कुटुंबांना एवढा मोठा व्याप आज जमणार नाही, हे आम्ही जाणतो. पण एवढे तर जमेल ना, की शनिवारच्या आरतीनंतर ज्यांना मोबाईल नीट चालवता येतो अशा दोन-चार तरुणांनी सभामंडपात अर्धा तास बसावे, आणि ज्यांना शंका असेल त्या काकू-आजोबांनी पैसे भरण्यापूर्वी त्यांना विचारावे? त्या अर्ध्या तासात कोणी कोणाला 'एवढेही कळत नाही का' असे म्हणू नये, एवढाच नियम असावा.

पैसा वाचवणे हे साधन आहे. तो वाचतो कोणासाठी? घरातल्या माणसांसाठीच. मग त्या पैशापायी घरातलेच माणूस नऊ दिवस एकटे पडत असेल, तर वाचवलेल्या रुपयांचा हिशेब आपण चुकीच्या वहीत मांडीत आहोत. ज्या घरात चूक सांगायला भीती वाटत नाही, त्या घराची तिजोरी कोणत्याही गुप्त शब्दापेक्षा सुरक्षित असते, असे आम्हांला वाटते.