एका पैची चूक

।। श्री गुरुदेव दत्त ।।



षड्रिपूंमध्ये काम पहिला आणि क्रोध दुसरा. पण साठी ओलांडलेल्या पुरुषांना विचाराल, तर शेवटपर्यंत घरात ठाण मांडून बसतो तो क्रोधच. बाकीचे रिपू वयाबरोबर थोडेफार थकतात. हा मात्र पेन्शन सुरू झाल्यावर अधिकच तरतरीत होतो. हे पोथीतलं नाही, स्वानुभवातलं सांगतो आहे.

मी बँकेत कारकून होतो. 34 वर्षं काउंटरवर बसलो. ग्राहक ओरडला तरी मान खाली घालून पासबुक भरत राहायचो. सगळे म्हणायचे, फार शांत माणूस! घरच्यांना विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. दिवसभर गिळलेला राग मी संध्याकाळी घरी आणून उतरवायचो. भाजीत मीठ कमी, मुलाचे गणिताचे मार्क, उंबऱ्यातली चप्पल, निमित्त काहीही चाले. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर नावे टाकायची, असला तो हिशेब.

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात घरी गुरुचरित्राचं पारायण चालू होतं. चौथ्या दिवशी वाचून उठलो, तर स्वयंपाकघरात सौ. आणि आमचा सात वर्षांचा नातू हळू आवाजात काही बोलून हसत होते. मला वाटलं, मलाच हसताहेत. हातातला तांब्या मी भिंतीवर आपटला. नातू आजीच्या पदराआड गेला. पुढे कितीतरी दिवस तो माझ्या खोलीत आला नाही. दाराशी यायचा, माझा चेहरा बघायचा आणि परत फिरायचा. समोर उघडी पोथी, आणि मी असा!

शांतिब्रह्म एकनाथ महाराज आपल्या पैठणचे. आपण रोज म्हणतो ती दत्ताची आरतीही त्यांचीच. गोदावरीचं स्नान करून येताना एक जण त्यांच्या अंगावर थुंकत राहिला आणि नाथ दर वेळी शांतपणे पुन्हा स्नान करून आले, असं 108 वेळा घडलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण ऐकून करतो काय? हात जोडतो आणि म्हणतो, "ते नाथ होते, आपण साधी माणसं." झालं, सुटलो!

म्हणून मी नाथांची दुसरी गोष्ट धरून ठेवली आहे. आपल्या शहरापासून साधारण 15 किलोमीटरवर देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. तिथले अधिकारी जनार्दनस्वामी थोर दत्तभक्त. एकनाथ लहान वयातच त्यांच्या सेवेत आले आणि स्वामींनी त्यांच्याकडे हिशेब सोपवला. एकदा हिशेबात एका पैचा फरक आला. नाथ झोपले नाहीत. दिव्यापाशी बसून रात्रभर रकमा तपासत राहिले. चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. मागे उभे असलेले स्वामी म्हणाले ते अशा अर्थाचं, की एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद; मग या संसारात झालेली मोठी चूक सापडली तर केवढा होईल!

मी बँकवाला, मला ही गोष्ट कळते. संगणक येण्याआधी आम्हीही दिवसअखेर असेच बसायचो. चार आण्यांचा फरक आला तर खिशातले चार आणे टाकून उठायची सोय नव्हती. कारण त्या चार आण्यांमागे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. आणि फरक शोधताना आधी तपासायच्या त्या स्वतःच्या नोंदी.

तांब्या आपटला त्या रात्री मी तसाच बसलो. फरक केवढा, तर हसण्याच्या आवाजाएवढा. मग त्यामागे काय? सकाळी सौ. म्हणाली, "अहो, तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही. ते कबूल करायचं सोडून तुम्ही चिडता." नातवानं नैवेद्यातला पेढा आधीच खाल्ला होता, त्याचं ते हसू होतं! डॉक्टरांनी तपासलं, दोन्ही कान मंदावले आहेत. आता यंत्र लावतो.

पण मंडळी, कानाच्याही मागे एक चूक निघाली. मी म्हातारा होतो आहे, घरात माझ्यावाचून कुणाचं अडत नाही, ही भीती. पुरुषाला लहानपणापासून बजावलेलं असतं, रडायचं नाही, घाबरायचं नाही. मग दुःख, भीती, अपमान सगळं एकाच दारानं बाहेर पडतं. ते दार रागाचं.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं आपले 24 गुरू सांगितले, त्यात पहिली पृथ्वी. नाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली. पृथ्वीला लोक तुडवतात, नांगरतात, तरी ती देणं सोडत नाही. मीही 34 वर्षं सोसलं असं मला वाटायचं. पण पृथ्वी अंगावर पडलेल्या शेणाचं खत करते. मी ते जसंच्या तसं घरी आणून टाकत होतो. गिळणं वेगळं, सोसणं वेगळं.

आता राग चढू लागला की आधी तिथून उठतो, पाणी पिऊन येतो, मग बोलतो. रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटं दत्तमहाराजांसमोर बसतो. आज कुणावर चिडलो? ती रक्कम खरी कुणाच्या खात्याची? भूक होती, अपुरी झोप होती, गुडघा दुखत होता, की मान दुखावला होता? चूक माझी निघाली तर त्याच रात्री, त्याच माणसासमोर कबूल करायची. देवापुढे कान धरून भागत नाही. आणि ज्यांचा हात उठण्यापर्यंत मजल जाते, त्यांनी पोथीबरोबर डॉक्टरांचीही पायरी चढावी. त्यात कमीपणा नाही.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा "माझं चुकलं" म्हणालो, तेव्हा सौ. वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "तारीख लिहून ठेवा."

नातू आता खोलीत येतो. पण अजूनही दाराशी क्षणभर थांबून आधी माझा चेहरा बघतो. तेवढी बाकी माझ्याकडे निघते आहे. ती फेडण्याइतकं आयुष्य आणि तेवढी शांती दत्तमहाराजांनी द्यावी, एवढंच या मार्गशीर्ष पौर्णिमेचं मागणं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.