जुन्या कॅसेटी पुन्हा ऐकताना

किशोरवयात ज्या गोष्टीवर आपला जीव जडला, तिचा निवाडा प्रौढपणी कोणत्या मापाने करावा? हा प्रश्न पुस्तकांविषयी विचारता येईल, मित्रांविषयी विचारता येईल. आम्ही तो येथे हार्ड रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतासंबंधी विचारीत आहोत. धर्मगुरूच्या लेखणीला हा विषय शोभत नाही, असे काही वाचकांना वाटेल. परंतु १९८० च्या दशकात वसई-मुंबई पट्ट्यातील ज्या ख्रिस्ती मुलांच्या हाती गिटार आली, त्यांतील कित्येकांच्या कानी ब्लॅक सॅबथ, लेड झेपलिन, एसी/डीसी ही नावे पडली होती. ती मुले आज आईबाप आहेत, शिक्षक आहेत, आणि आमच्यासारखी काही वेदीपाशीही उभी आहेत.

निमित्त घडले ते एका मृत्यूचे. ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न २२ जुलै २०२५ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी निवर्तला. त्याच महिन्याच्या ५ तारखेस बर्मिंगहॅममधील ॲस्टन या आपल्या बालपणीच्या भागी तो अखेरचा गायला होता. पार्किन्सनच्या व्याधीने शरीर थकलेले, म्हणून सिंहासनासारख्या आसनावर बसून. ती वार्ता वाचल्यानंतरच्या दिवसांत आम्ही त्या काळचे अल्बम एकेक करून पुन्हा ऐकले.

पुन्हा ऐकले म्हणावे, की प्रथमच ऐकले म्हणावे? त्या काळी कोणाचा तरी आखातात नोकरीस असलेला काका टू-इन-वन घेऊन येई, आणि एका मूळ कॅसेटवरून दहा नकला उतरत. नकलेच्या नकलेत खरखर अधिक, गाणे कमी. गीतांचा कागद सोबत नसेच. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आम्हां मुलांना त्या आरोळ्यांतले दोन शब्द सलग कळले तरी पुष्कळ. आमच्यापर्यंत पोचला तो केवळ नाद. आज शब्द सहज वाचावयास मिळतात, आणि गंमत अशी, की शब्द कळल्यावर भयाच्या जागाच बदलून जातात.

वडीलधाऱ्यांना या गाण्यांत सैतान दिसे. ती भीती एकट्या आपल्या वाड्यांची नव्हती. लेड झेपलिनचे एक गाणे उलटे वाजविल्यास सैतानाची स्तुती ऐकू येते, या आरोपावरून १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या समितीपुढे ते खरोखरच उलटे वाजविले गेले. नेव्हाडा राज्यातील रेनो येथे जुडास प्रीस्ट या वाद्यवृंदावर खटला चालला. दोन तरुणांच्या आत्मघातास गाण्यात दडविलेली आज्ञा कारणीभूत झाली, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. १९९० साली न्यायालयाने वाद्यवृंदास दोषी धरले नाही. त्या घरांचे दुःख खरे होते, त्याविषयी हलकेपणाने लिहिणे आम्हांस जमणार नाही. तथापि गाणे उलटे ऐकण्यात एवढे श्रम खर्च झाले, त्याच्या निम्मे श्रम ते सुलटे ऐकण्यात झाले असते तर?

सुलटे ऐकले असता काय आढळते? ब्लॅक सॅबथच्या १९७० सालच्या ‘पॅरानॉइड’ अल्बमचे पहिले गाणे युद्धखोर सेनापतींवरचा जळजळीत आसूड आहे. गरिबांच्या मुलांना रणात धाडून स्वतः सुरक्षित राहणाऱ्यांना ते शेवटी ईश्वरी न्यायासमोर उभे करते. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’वरील ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गाणे तर मरणानंतर आत्म्याचे काय, असा प्रश्न श्रोत्यास थेट विचारते. त्याचे शब्द लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरात वाढलेला होता. त्या वाद्यवृंदाचे सगळेच साहित्य असे आहे, असा आमचा दावा नाही. भडकपणा त्यात भरपूर आहे.

आणि तो पाताळातून आल्यासारखा वाटणारा गिटारचा जड स्वर? तो कारखान्यातून आला. टोनी आयोमी हा डावखुरा वादक पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तारा दाबण्याचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, त्यांवर चामडे चिकटविले, पातळ तारा वापरल्या, आणि पुढे तारा सैल करून स्वर खाली उतरविला. त्या स्वराच्या जडपणात या जखमेचा मोठा वाटा आहे. आमच्या घरांतून ज्याला नरकाचा आवाज म्हटले गेले, तो बव्हंशी एका जखमी कामगाराच्या हाताचा आवाज होता.

मग या गाण्यांत आक्षेपार्ह काहीच नाही काय? आहे, परंतु ते जेथे कोणी पाहिले नाही तेथे आहे. एसी/डीसीचा १९८० सालचा ‘बॅक इन ब्लॅक’ घंटेच्या टोल्यांनी सुरू होतो. त्याच वर्षी वारलेल्या बॉन स्कॉट या गायकाच्या स्मरणार्थ त्याचे वेष्टनही काळे ठेवले होते. इतका हृद्य शोक व्यक्त करणाऱ्या त्याच अल्बममधील काही गाण्यांत स्त्री ही निव्वळ उपभोगाची वस्तू आहे. आमच्या घरांत त्याला कोणी हरकत घेतल्याचे स्मरत नाही. बहिणी त्याच खोलीत अभ्यासाला बसलेल्या असत.

दुसरी गोष्ट श्रेयाची. लेड झेपलिनचे १९६९ चे ‘होल लॉटा लव्ह’ जगभर खपले. त्यातील शब्दांचा मोठा भाग मिसिसिपीत जन्मलेल्या विली डिक्सन या कृष्णवर्णीय गीतकाराच्या गाण्यावरून घेतलेला होता. ते गाणे मडी वॉटर्सने १९६२ साली ध्वनिमुद्रित केले होते. डिक्सनचे नाव मात्र तबकडीवर नव्हते. त्याने १९८५ साली दावा लावला, १९८७ साली तडजोड झाली आणि नंतर त्याचे नाव छापले जाऊ लागले. म्हणजे आमच्या कॅसेटी ऐन भरात वाजत होत्या, त्याच सुमारास हा मनुष्य आपले नाव परत मिळविण्यासाठी झगडत होता. हे करता येत नव्हते असे नाही: याच वाद्यवृंदाने १९७१ साली मिसिसिपीच्या पुरावरील एक जुने गाणे घेताना मेम्फिस मिनी हिचे नाव आरंभापासून दिले होते. सातवी आज्ञा चोरास सांगितलेली आहे, श्रोत्यास नव्हे, हे खरे. तरीही हे कळल्यावर पूर्वीसारखे निश्चिंतपणे ऐकता येते काय? आम्हांला येत नाही. गाणे मात्र तितकेच आवडते, ही अडचण उरतेच.

संत ऑगस्टीन आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात नेमक्या अशाच अडचणीत सापडलेला दिसतो. मंदिरातील गायनाने त्याला रडू आले होते, ते त्याला पवित्र वाटते. पण ज्याविषयी गायिले जाते त्याहून गाणेच मनाला अधिक भिडले, तर तो त्यास दोष मानतो. एकदा वाटते, सुरावट नकोच. एकदा वाटते, दुर्बल मनांस तिचाच आधार. तो झोके घेत राहतो आणि अखेर गायनाच्या बाजूने कलतो, तेही मत अढळ नाही असे सांगून. सेमिनरीत हा भाग प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो अतिचिकित्सक वाटला होता. शब्दांवाचून केवळ नादावर वाढलेल्या आमच्या पिढीला त्याची शंका आता अधिक जवळची वाटते. फरक इतकाच, की त्याला नाद शब्दांवर मात करील अशी धास्ती होती. आमच्या बाबतीत शब्द ४० वर्षे उशिरा आले आणि नादाशी भांडू लागले.

हल्ली धर्मग्रामातील पालक विचारतात, “फादर, मुलाच्या कानातले ते यंत्र काढून घेऊ का?” आम्ही म्हणतो, त्यातले एक आपल्या कानात घाला आणि शेजारी बसा. बहुतेकजण हसून विषय बदलतात. एका आईने ते खरेच केले. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, “तीन गाणी ऐकली. एक आवडलं, एक मुळीच नाही. तिसऱ्याचे शब्द त्यालाच माहीत नव्हते, मग दोघांनी मिळून शोधले.”