यंत्राचा शब्द आणि आप्ताचा शब्द

न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले खरे, परंतु वाटेल त्याच्या शब्दाला नव्हे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तोच आप्त, असे सांगून वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले. कुळाची अट त्याने मानली नाही. सांगण्याच्या इच्छेची मात्र सोडली नाही.

जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तजवीज केली, तेव्हा कोणाचा शब्द मानावा हा जुना प्रश्न यवतमाळच्या वावरापर्यंत येऊन ठेपला. येथे सल्ला ही प्राणांशी निगडित गोष्ट आहे. २०१७ च्या खरिपात पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती, अळी हटत नव्हती, म्हणून दोन-तीन औषधे एकत्र कालवून, तोंडाला फडकेही न बांधता, शेतमजूर फवारीत राहिले. वरच्या पानांवर मारलेला फवारा त्यांच्याच डोळ्यांत आणि श्वासांत उतरला, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. पुढे दुकानदार, कंपनी, कृषिखाते आणि खुद्द मजूर यांच्यात दोष फिरत राहिला; पण निदान ज्यांना जाब विचारावा अशी माणसे तरी समोर होती.

सल्ला देणारे यंत्र असंख्य नोंदींवरून अनुमान करते, आणि ते अनुमान पुष्कळदा अचूकही असेल. परंतु मजूर जगावा अशी इच्छा त्याच्या ठायी नाही, म्हणून त्याला आप्त म्हणता येत नाही. ती इच्छा, आणि तिच्याबरोबरची जबाबदारी, ते यंत्र वावरात आणणाऱ्या सरकारनेच पत्करली पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या सात सूत्रांत उत्तरदायित्वाचा समावेश आहे, हे मला मोलाचे वाटते. मात्र तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही हा त्यांतील निष्कर्ष मला मान्य होत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर उत्पादकाचे नाव, विषबाधेवरील उतारा आणि तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोण छापण्याची सक्ती कायद्यानेच झाली आहे; तो डबा केव्हा आणि किती वापरावा हे सांगणाऱ्या सल्ल्यावरही, त्याची जोखीम पत्करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा मराठीत लिहिलेला असावा, आणि तक्रार तहसिलीतच दाखल करून घेतली जावी.