दिव्याची खूण

भाऊबीजेचा दिवस होता. मला कऱ्हाडहून कोल्हापूरला बहिणीकडे नेण्यासाठी भाचा गाडी घेऊन आला होता. दिवेलागणीची वेळ, मोकळा रस्ता, नवी गाडी आणि पंचविशीचे वय एवढे सगळे एकत्र आल्यावर काट्याने शंभरी कधी ओलांडली हे कळलेच नाही. पेठ नाका मागे पडला आणि समोरून येणाऱ्या एका ट्रकने दोनदा डिपर मारला. भाच्याने झटकन पाय उचलला. थोडे पुढे, झाडाच्या आडोशाला, महामार्ग पोलिसांची वेग मोजणारी गाडी उभी होती. देवळाच्या दारावरून जावे तशा विनयाने आम्ही तिच्यासमोरून गेलो. ती आरशातून दिसेनाशी झाली मात्र, काटा पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.

"मामा, देवमाणूस भेटला बघा! दंड वाचला," भाचा म्हणाला. मीही हसलो. कोण कुठला तो ट्रकवाला, पण वाटेतल्या अनोळखी माणसाची त्याने काळजी घेतली, याचे मला कौतुकच वाटले.

किणीचा टोलनाका ओलांडला आणि काही वेळाने एकाएकी समोरचा अंधार घट्ट झाला. भाच्याने करकचून ब्रेक दाबला. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत एक ट्रॅक्टर चालला होता. मागे दिवा नव्हता, चमकणारी पट्टीही नव्हती. गाडी सावरली तेव्हा उसाचे शेंडे आमच्यापासून दोन-चार हातांवर होते. भाऱ्यांवर घोंगडीत गुरफटून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बसला होता. आमच्या उजेडात त्याचे डोळे चमकले, आणि काय घडता घडता राहिले याची काहीच कल्पना नसल्यामुळे त्याने आमच्याकडे पाहून आनंदाने हात हलवला.

या ट्रॉलीविषयी आम्हांला कोणीही डिपर मारला नव्हता.

रात्री ओवाळणी झाल्यावर फराळाच्या ताटाभोवती हाच विषय निघाला. आमचे मेहुणे वेगाच्या कॅमेऱ्यांवर फार दिवस चिडून आहेत. त्यांचे म्हणणे असे, की संसारी माणसाला चोरासारखे दबा धरून पकडणे हा कुठला न्याय? ऐंशीची पाटी जाऊन एकदम साठची येते, तीही फांदीआड. दंडाची वार्ता मोबाइलवर मागाहून येते. गाडी चालवतो एक, आणि दंड भरतो मालक. हे आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. मर्यादा लोकांना दिसली पाहिजे, ती का घातली हे समजले पाहिजे, आणि चूक झाली असेल तर दाद मागता आली पाहिजे. नियम पाळा म्हणणाऱ्याने आधी स्वतः नियमात राहावे, ही मागणी रास्तच आहे. पण सरकारला फक्त पैसा हवा, असे मेहुणे म्हणाले तेव्हा मला राहवले नाही. मी म्हटले, "अहो, हा एकच कर असा आहे, की जो चुकवल्याबद्दल सरकार तुमच्यावर रागावत नाही!"

हा तंटा मोटारीइतकाच जुना आहे. १८९६ साली इंग्लंडात केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाला अतिवेगाबद्दल शिक्षा झाली. मर्यादा होती ताशी दोन मैलांची आणि तो चालला होता आठ मैलांनी. शिपायाने त्याचा सायकलवरून पाठलाग केला आणि न्यायाधीशाने त्याला एक शिलिंग दंड केला. आज आपल्याला हसू येते. पण रस्ता ज्यांच्या पायाखाली होता त्यांना ते आठ मैल कसे वाटले असतील, हे आपण विचारीत नाही.

वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची जन्मकथा तर याहून गमतीची आहे. तो एखाद्या पोलिसाने शोधला नाही. मौस गाट्सोनिडेस नावाचा एक डच शर्यतपटू होता. १९५३ साली त्याने मॉन्टे कार्लोची प्रसिद्ध रॅली जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती असतो हे कळावे आणि तो वाढवता यावा, म्हणून त्याने हे यंत्र तयार केले. पुढे तेच यंत्र देशोदेशींच्या पोलिसांच्या हाती गेले. म्हणजे मुळात हा कॅमेरा एका माणसाने स्वतःला पाहण्यासाठी उभा केलेला आरसा होता. आपण मात्र त्याला केवळ दुसऱ्याचा डोळा समजतो आणि त्या डोळ्यापुरते सभ्य होतो.

"माझा हात बसलेला आहे, मी वेगात असलो तरी सांभाळून चालवतो," असे भाचा म्हणाला. त्याच्या हाताविषयी मला शंका नाही. शंका आहे ती निसर्गाच्या हिशेबाविषयी. पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर ज्या जागी नेमकी थांबते, त्याच जागी, तिथूनच ब्रेक दाबलेली पासष्टची गाडी अजून चाळिसाच्या पुढच्या वेगाने धावत असते. पंधराचा फरक शेवटी चाळिसाचा होतो, कारण थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. आणि मिळते काय? चाळीस किलोमीटरच्या वाटेला ऐंशीच्या वेगाने तीस मिनिटे लागतात, शंभरच्या वेगाने चोवीस. ती सहा मिनिटे तावडे हॉटेलच्या चौकातली गर्दी आपल्याकडून बिनबोभाट परत घेते.

मग दंड वाढवावा काय? २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात हलक्या वाहनाच्या अतिवेगाला हजार ते दोन हजार रुपये दंड आहे. एखाद्या रिक्षावाल्याची ती दोन दिवसांची कमाई असेल, तर कोणाचे एका वेळचे हॉटेलातले बिल. फिनलंडमध्ये दंड मिळकतीच्या प्रमाणात आकारतात. २००२ साली तिथे नोकिया कंपनीच्या एका संचालकाला पन्नासच्या रस्त्यावर पंचाहत्तरने गेल्याबद्दल १,१६,००० युरो दंड झाला होता. पुढे अपिलात तो कमी झाला. यात न्याय आहे, पण दंडाला एक विचित्र खोडही आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या काही पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला, तेव्हा उशिरा येणारे कमी न होता वाढले. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी पालकांना खोळंबलेल्या बाईंची लाज वाटे. दंड आल्यावर ती लाज गेली आणि उशीर ही पैसे टाकून घ्यायची वस्तू झाली. दंड हवाच, तो नसता तर आमच्या भाच्याने पेठ नाक्याच्या पुढेही पाय उचलला नसता. पण लाजेच्या जागी नुसता दंड बसवला, की माणूस अपराधाची किंमत विचारू लागतो.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात कनकदासांची एक गोष्ट सांगतात. एकादशीच्या दिवशी गुरूंनी शिष्यांना एकेक केळे दिले आणि कोणी पाहत नसेल अशा ठिकाणी जाऊन खा म्हणून सांगितले. कोणी दाराआड खाल्ले, कोणी झाडामागे. कनकदास मात्र केळे तसेच घेऊन परत आले. देव पाहत नाही अशी जागाच त्यांना सापडली नाही. लहानपणी मला वाटे, की ही गोष्ट देवाच्या पहाऱ्याची आहे. आता वाटते, ती कनकदासांच्या नजरेची आहे. त्यांना जिथे तिथे दुसरा कोणी तरी दिसत होता. आपल्याला देव दिसणे कठीण; पण उसाच्या भाऱ्यावर बसलेले पोर दिसायला काय हरकत आहे? कॅमेरा आपल्याला पाहतो की नाही यावर आपण तावातावाने भांडतो. आपण कोणाला पाहतो, हा प्रश्न फराळाच्या ताटाभोवती क्वचितच निघतो. त्या ट्रकवाल्याने काळजी घेतली हे खरे, पण ती माझ्या खिशाची. आणि त्यालाच मी देवमाणूस म्हणून मोकळा झालो होतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. ट्रॉलीमागे गाडी सावरल्यावर भाचा काही बोलला नाही. बाजूने निघून जायला रस्ता मोकळा होता. त्याने गाडीचे चारही इंडिकेटर लावले आणि ट्रॅक्टरच्या चालीने मागोमाग चालू लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवीत, चिडून बाजूने जात होत्या. घरून दोनदा फोन आला; ओवाळायला ताट तयार होते. तरी वाठारच्या फाट्याला ट्रॅक्टर वळेपर्यंत आमच्या गाडीचे दिवे त्या उसामागे लुकलुकत राहिले. वळताना त्या पोराने पुन्हा हात हलवला. या वेळी भाच्यानेही हलवला.

त्या दहा-बारा मिनिटांत रस्त्यावर कुठेही कॅमेरा नव्हता.