सतरा द्राक्षं आणि बरोबरीचं चिन्ह

अमेरिकेत मधुमेहींसाठी केलेल्या आहारयादीत 'एक फळ' म्हणजे किती, हे ठरवून दिलेलं असतं. एक छोटं सफरचंद, किंवा सतरा छोटी द्राक्षं. नाशिककडचा माणूस लगेच विचारेल, कुठली सतरा? थॉम्पसनची की सोनाकाची? प्रश्न रास्त आहे. पण यादीला खरं तर 15 ग्रॅम कार्बोहायड्रेट असं म्हणायचं आहे. ते ताटात डोळ्यांना दिसत नाही, द्राक्षं दिसतात.

ही 'एक्स्चेंज'ची पद्धत 1950 साली तिथल्या डायबेटिस असोसिएशनने, आहारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेने मिळून आणली. अन्नाचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाचं एक नाणं ठरवायचं. स्टार्चचा एक एक्स्चेंज म्हणजे 15 ग्रॅम कार्बोहायड्रेट, 3 ग्रॅम प्रथिनं, साधारण 80 कॅलरी. फॅटचा एक म्हणजे 5 ग्रॅम फॅट, 45 कॅलरी. तुमच्या वाट्याला दिवसाला स्टार्चचे आठ आले, की ते भातात घालवायचे की भाकरीत, हे तुमचं तुम्ही ठरवा.

भात-भाकरीचं यादीत सापडतं. पाकिटातल्या पदार्थाचं मात्र लेबल वाचून आपणच रूपांतर करावं लागतं. समजा एका बिस्किटाच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे कार्बोहायड्रेट 75 ग्रॅम, प्रथिनं 8, फॅट 12, ऊर्जा 440 कॅलरी असं छापलंय, आणि आपण 30 ग्रॅम खाणार आहोत. म्हणजे कार्बोहायड्रेट साडेबावीस ग्रॅम, स्टार्चचे दीड एक्स्चेंज. प्रथिनं त्या दीडातच मावतात. फॅट 3.6 ग्रॅम; त्यातलं ग्रॅमभर स्टार्चच्या खात्यात खपतं, उरलेल्याचा फॅटचा अर्धा. यादीच्या हिशेबाने हे सगळं सुमारे 142 कॅलरींना जातं. लेबलच्या हिशेबाने 132.

या 10 कॅलरींचं काय करायचं? काहीच नाही, सोडून द्यायच्या. नैतिक प्रश्न सुरू होतो तो इथे. दोन गोष्टी सारख्या नाहीत हे माहीत असताना त्यांच्यामध्ये बरोबरीचं चिन्ह काढणं, हे खोटं बोलणं आहे का?

माझ्या कामात बरोबरी दोन प्रकारची असते. 'ही तीच वस्तू आहे का' हा एक प्रश्न, आणि 'हिची किंमत तिच्याइतकी आहे का' हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, म्हणून बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांमध्ये त्यांच्यासाठी दोन वेगळ्या खुणा असतात. ॲरिस्टॉटलने हीच अडचण व्यवहाराच्या अंगाने मांडली होती. घर आणि जोडे यांची अदलाबदल करायची तर दोन्ही एका मापात आणावी लागतात. इतक्या वेगळ्या वस्तू खरोखर एका मापात येत नाहीत, पण गरजेपुरत्या येतात, असं तो म्हणतो. बोहारणीला हे न वाचता कळतं. दोन जुन्या साड्या म्हणजे एक स्टीलचं पातेलं, ही बरोबरी दारात उभं राहून, घासाघीस करून, दोघींनी मान्य केलेली असते. ती अचूक नसते, पण फसवीही नसते.

तेव्हा ढोबळपणा हा काही दोष नव्हे. तो उघड आहे का आणि त्यामुळे कोणाचं फावतं, हे विचारायला हवं. अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फॅट असेल तर लेबलवर शून्य लिहिता येतं. तव्यावर फवारायच्या तेलाच्या डब्यावर सर्व्हिंग असतं पाव सेकंदाच्या फवाऱ्याचं. आत जवळजवळ सगळं तेलच, पण फॅट शून्य आणि कॅलरीही शून्य. गणित तेच, आकडा जवळच्या पूर्णांकावर नेण्याचं. फरक इतकाच, की इथे पूर्णांक विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, आणि खाणाऱ्याला तो पूर्णांक केलेला आहे हे कळत नाही. याउलट यादी स्वतःच सांगते की मी ढोबळ आहे, आणि तिचा ढोबळपणा खाणाऱ्याच्या सोयीसाठी आहे.

तरीही यादीला सगळं माफ करून चालत नाही. लेबल वाचताना वापरायचा एक रूढ नियम असा: कार्बोहायड्रेट 5 ग्रॅमपर्यंत असेल तर मोजू नका, 6 ते 10 म्हणजे अर्धा, 11 ते 20 म्हणजे एक. आता आपला चहा घ्या. कपात चमचाभर साखर, साधारण 5 ग्रॅम. मोजू नका. दिवसातून चार कप झाले की साखरच 20 ग्रॅम होते, म्हणजे पूर्ण एक एक्स्चेंज, आणि वहीत मात्र शून्य. एकेका कपाला नियम खरा आहे, दिवसाला खोटा. जेवणाआधी इन्सुलिनचे युनिट ठरवणाऱ्याला तर एका वेळच्या ताटातही ही सूट परवडत नाही. कोणाला दर 10 ग्रॅमला एक युनिट लागतं, कोणाला 15 ला. चार पदार्थांत तीन-तीन ग्रॅम सोडले, तर चूक 12 ग्रॅमची होते आणि ती कागदावर न राहता रक्तात उतरते. त्याने ग्रॅमच मोजावेत. ढोबळपणाची किंमत ज्याला चुकवावी लागते, तो किती ढोबळ असावा हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचा.

मग सगळ्यांनीच ग्रॅम का मोजू नयेत? फोनमधलं ॲप दशांशापर्यंत आकडे देतं. पण लेबलवरच्या कॅलरी स्वतःच सरासरीच्या आहेत: कार्बोहायड्रेट आणि प्रथिनांना ग्रॅममागे 4, फॅटला 9. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी 2012 साली माणसांना बदाम खायला घालून मोजलं, तेव्हा शरीराला मिळालेली ऊर्जा या हिशेबापेक्षा बरीच कमी भरली. दशांश चिन्हाने खात्री वाढत नाही, खात्रीचा भास वाढतो.

शिवाय, यादी ज्यासाठी आहे ते दशांशात सापडत नाही. गणपतीत घरातल्या मधुमेही माणसाला आपण 'तुम्हाला चालणार नाही' म्हणून मोदकाचं ताट त्याच्या पुढून उचलतो. यादी त्याला वेगळं सांगते. पिठी स्टार्चमध्ये धर, गूळ साखरेच्या खात्यात, खोबरं फॅटमध्ये, आणि तेवढा भात-तूप आज सोड. मोदक आणि भात एकच आहेत असा तिचा दावा नाही; एक असते तर अदलाबदल करायची गरजच पडली नसती. एका ठरावीक प्रश्नापुरती ती दोघांना सारखं मानते, आणि बाकीचा निर्णय पाटावर बसलेल्या माणसाकडे सोपवते. तिच्यातल्या चुका मला माहीत आहेत. पंगतीतून माणूस उठवणारी अचूकता आणि पंगतीत बसवणारा अंदाज यांत निवडायचं झालं, तर मी अंदाज घेईन. फक्त चहाचे चारही कप एकत्र मोजेन.