रतामाच्या झुडपाखाली
वाचन : १ राजे १९:१-८

कर्मेलावर विजयी झालेला एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला. देवाने त्याला दोष दिला नाही. दूताकरवी भाकर व पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. आपण मात्र मंडळीत कोणाचे मन आजारी पडले की, "विश्वासात कमी पडला," असे कुजबुजतो. मग ते कुटुंब उपासनेला येईनासे होते.

१९९२ पासून १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळतात. शिक्षकांनो, त्या आठवड्यात शब्बाथशाळेत हाच पाठ घ्या. मुलांना सांगा, मनाचा आजार पाप नव्हे; औषध घेणे अविश्वास नव्हे. आणि आपण मोठ्यांनी त्या रिकाम्या बाकावरच्या कुटुंबाकडे भाकर घेऊन जावे. प्रभू आपणांस साहाय्य करो.