काळी पाचचा हट्ट

चि. ठमे,


कोजागिरीच्या बैठकीला तू होकार दिलास, हे तुझ्या आईकडून कळलं. सहा वर्षांनी गाणार, आणि ठरवलंयस काय, तर शेवटच्या बैठकीतला तोच बिहाग, तोच विलंबित एकताल, तीच काळी पाचची पट्टी. मला हे पटलेलं नाही. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

माझंच सांगतो. डावं मनगट मोडलं तेव्हा दोन वर्षं पेटी बंद होती. बोटं उजव्या हाताची, ती शाबूत. मग अडचण काय, असं मलाही वाटायचं. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमाला पूर्वीच्याच ऐटीत जाऊन बसलो. द्रुत सुरू झालं आणि भात्याचा डावा हात भरून आला. सूर क्षीण व्हायला लागला, मधेच तुटायला लागला. गाणाऱ्या बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. मुखडा धरून ठेवला आणि तबल्याला चार आवर्तनं वाजवायला दिली. तेवढ्यात मी हात झटकून घेतला. श्रोत्यांना वाटलं, वा, काय खुलवतायत! घरी आल्यावर कळलं, दोन वर्षं मी बोटांचाच रियाज केला होता, भात्याचा नाही.

कुमार गंधर्वांचं तू ऐकलंच आहेस. लहानपणापासून मैफली गाजवलेला हा गवई पंचविशीच्या आतच क्षयानं आडवा झाला. १९४८ साली हवापालटासाठी देवासला गेले; डॉक्टरांनी गाणं बंद केलं. स्ट्रेप्टोमायसीन हे तेव्हाचं नवं औषध, त्यानं आणि भानुमतीबाईंच्या शुश्रूषेनं ते उठले आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत गायले. एक फुप्फुस जवळजवळ निकामीच होतं. त्यांच्या गाण्यातल्या छोट्या, तुटक स्वरवाक्यांचं श्रेय लोक त्या आजाराला देऊन मोकळे होतात. मला ते अर्धंच पटतं. दम कमी म्हणून कोणी चांगलं गात नाही. असलेल्या दमात काय करायचं ते सुचावं लागतं. खाटेवर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर यायची, ती त्यांनी टिपून ठेवली. पुढे असल्या धुनांतून मालवतीसारखे राग निघाले, त्यांना त्यांनी धुनउगम म्हटलं. म्हणजे गाणं बंद होतं, ऐकणं नव्हतं. तू सहा वर्षं अंगाई गायलीस, आजीच्या ओव्या ऐकल्यास, त्या काय फुकट गेल्या?

आता कामाचं. काळी चारला उतर. तुझा खर्ज पूर्वीपेक्षा भरीव झालाय. दिवाळीला स्वयंपाकघरात गुणगुणत होतीस तेव्हा ऐकलाय मी. बिहाग गा, पण मध्यलय झपतालात. तासाभरात आटप. आणि तबलजींना पट्टी आत्ताच कळव. काळी पाचचा तबला आणला तर आयत्या वेळी हातोडीनं एवढा उतरत नाही, मग आपण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसू.

तानपुरे मी दुपारीच येऊन लावून ठेवीन. जवारीचा दोरा तेवढा आणून ठेव, माझ्याकडचा संपलाय.

तुझा,
मामा